सुस्ती आणि सुस्तु

शब्दांच्या व्युत्पत्तीचा तास असला की आमच्या वर्गातली मुलं एकदम जागी होतात. बेळगावच्या बहुतेक घरांत दोन भाषा नांदतात, त्यामुळं एकच शब्द इकडे काय नि तिकडे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकवावं लागत नाही. 'सुस्त' हा फारसीतून आलेला शब्द त्यातलाच. मराठीत तो जेवून लवंडलेल्या माणसाला चिकटला, नाहीतर अजगराला. 'सुस्ती आली' म्हटलं की त्यात थोडा आळस, थोडा दोष आलाच. तोच शब्द कन्नडात 'सुस्तु' झाला आणि निर्दोष राहिला. दिवसभर भांगलण करून आलेली बाई उंबऱ्यावर बसत 'सुस्तागेती' म्हणते, तेव्हा तिला तांब्याभर पाणी आणून देतात, बोल लावत नाहीत.

या दोन शब्दांमधलं अंतर केवढं आहे, ते मला माझ्या भाचीमुळं रोज बघायला मिळतं. तिला थॅलेसेमिया मेजर आहे. वय वीस. अक्काचं सासर गोकाक तालुक्यातलं, दाजींची घरची भाषा कन्नड. दहावीनंतर पोरगी आमच्याकडे तिळकवाडीला राहायला आली, कारण रक्तपेढी, डॉक्टर आणि कॉलेज तिन्ही इथं जवळ. आता बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्याबद्दल लिहू का, असं विचारलं तर म्हणाली, "लिही की गं मावशी, पण नाव नको. स्थळं यायला लागलीत, उगीच आईला त्रास." तेव्हा नाव नाही.

आजाराबद्दल थोडं सांगायला हवं. रक्तातल्या लाल पेशींत हिमोग्लोबिन असतं आणि ते अंगभर प्राणवायू पोचवतं. हिमोग्लोबिन कसं घडवायचं, याची सूचना आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी मुलाला मिळते. त्यातली एक सदोष असली तर माणूस नुसता वाहक होतो, म्हणजे थॅलेसेमिया मायनर. तो धडधाकट असतो, कबड्डी खेळतो, नोकरी करतो, बहुधा त्याला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. दोन्ही सदोष आल्या की मेजर. मूल जन्मतः चांगलं दिसतं, पण सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कधीतरी पांढरं पडायला लागतं, किरकिरं होतं, पोट पुढं येतं. मग आयुष्यभर दर दोन ते पाच आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त.

नावाचीही एक गंमत आहे. अमेरिकेतल्या डेट्रॉइटचे डॉक्टर थॉमस कूली यांनी १९२५ साली हा आजार प्रथम नीट वर्णन केला. त्यांच्याकडची ही मुलं इटली-ग्रीसकडच्या घरांतली होती, म्हणून १९३२ मध्ये दुसऱ्या डॉक्टरांनी समुद्राच्या 'थालासा' या ग्रीक शब्दावरून त्याला थॅलेसेमिया म्हटलं. "त्या समुद्राचा आणि आमच्या गोकाकचा काय संबंध?" असं दाजींनी तेव्हा डॉक्टरांना विचारलं होतं. संबंध हिवतापाचा. जिथं जिथं पिढ्यान् पिढ्या हिवतापानं माणसं मेली, तिथं तिथं हा दोष टिकून राहिला, कारण वाहकांना हिवतापापासून थोडं संरक्षण मिळत होतं. आपल्या देशात शंभरातले तीन-चार जण वाहक आहेत असा अंदाज सांगतात. काही समाजांत प्रमाण याहून जास्त आहे.

पण आज मला लिहायचंय ते दोन रक्तांच्या मधल्या दिवसांबद्दल. रक्त चढवतानाचं चित्र सगळ्यांना माहीत असतं, बाटली, नळी, पलंग. भेटायला येणारे शहाळं घेऊन त्या दिवशी येतात. त्या दिवशी खरं तर पोरगी सुखात असते. कठीण जातो तो तिसरा आठवडा, आणि तेव्हा ती आपल्या पायांनी चालत कॉलेजला जात असल्यामुळं कुणाला काही दिसत नाही.

हिशेब असा. रक्त घेतल्यावर तिचं हिमोग्लोबिन साडेबाराच्या आसपास असतं. लाल पेशीचं आयुष्य सुमारे १२० दिवसांचं, पण दात्याच्या रक्तात कोवळ्या पेशी असतात तशा म्हाताऱ्याही असतात. त्या रोज थोड्या थोड्या संपतात. तुमच्या-माझ्या हाडांतला मगज लगेच नव्या भरतो, तिचा भरू शकत नाही. म्हणून आठवड्याला साधारण एकाच्या हिशेबानं आकडा उतरत जातो आणि तीन आठवड्यांनी साडेनऊवर येतो. रक्त घेण्याआधीचा आकडा ९ ते १०.५ च्या दरम्यान राहावा, असं तज्ज्ञ सांगतात. त्याखाली वारंवार गेला तर मगज उगाच धडपड करून फुगतो, चेहऱ्याची हाडं बदलतात, प्लीहा वाढते. त्यामुळं 'अजून चार दिवस ढकलू, चालतंय की' हे घरातल्या मोठ्यांचं लाडकं वाक्य या आजारात महागात पडतं. परीक्षेसाठी तारीख दोन-तीन दिवस अलीकडे घेता येते, तीही डॉक्टरांना विचारून. पलीकडे नेऊ नये.

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे, गॅसची तारीख आणि तिची लाल टिंबं शेजारी शेजारी असतात. टिंबाच्या आदल्या दिवशी रक्त जुळवणीसाठी नमुना द्यायचा. टिंबाच्या दिवशी सकाळी आठला निघायचं, दोन पिशव्या म्हणजे संध्याकाळ. दुसऱ्या दिवशीही अंग जड असतं. तिसऱ्या दिवसापासून दहा-बारा दिवस मात्र घरात कुणीतरी नवीन आल्यासारखं वाटतं. गाणी लागतात, केस धुतले जातात, कपाट आवरलं जातं. पंधराव्या दिवसाच्या पुढं उतरण. शेवटचे तीन दिवस एकच ओळ दोनदा वाचावी लागते, पायाचे तळवे गार पडतात, डोकं दुखतं आणि जीभ थोडी तिखट होते. तो तिखटपणा हिमोग्लोबिनचा, पोरीचा नव्हे, हे आमच्या ह्यांनी एकदा जेवताना सांगितलं आणि तीच मोठ्यानं हसली.

या चढउतारासाठी तिनं स्वतःची मोजपट्टी शोधून काढलीय. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, जिन्याला चौतीस पायऱ्या. चांगल्या आठवड्यात ती न थांबता वर येते. विसाव्या पायरीवर थांबावं लागलं की समजायचं उतरण सुरू झाली. पहिल्या वळणावरच कठडा धरला तर तारीख जवळ आली. रोज संध्याकाळी एका जुन्या वहीत तेवढा आकडा लिहिते. डॉक्टर विचारतात, "कसं वाटतंय?" आणि जन्मापासून हा आजार असलेलं मूल म्हणतं, "ठीक." कारण भरल्या रक्ताचं ठीक कसं असतं, ते त्याला ठाऊकच नसतं. वही मात्र खरं बोलते. गेल्या वर्षी तिसऱ्याऐवजी दुसऱ्याच आठवड्यात ती विसाव्या पायरीवर थांबू लागली, तेव्हा वही बघूनच डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या. रक्त ठीक होतं. थायरॉइड मंदावला होता आणि ड जीवनसत्त्व तळाला गेलं होतं. दोन्हीवर गोळ्या सुरू झाल्या, दोन-अडीच महिन्यांत ती पुन्हा वरपर्यंत चढू लागली.

हे मुद्दाम सांगतेय, कारण या मुलांचा प्रत्येक थकवा रक्ताच्या खात्यावर टाकायची सवय लागते. रक्ताच्या एका पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात येतं आणि जास्तीचं लोह बाहेर टाकण्याची सोय देवानं शरीराला दिलेली नाही. ते यकृतात, हृदयात आणि थायरॉइडसारख्या ग्रंथींत साठतं. मधुमेह त्यातून होतो, हृदय त्यातून थकतं. म्हणून लोह बाहेर काढणारी औषधं रोजची. पूर्वी फक्त पोटाच्या कातडीखाली सुई टोचून रात्रभर पंप चालवावा लागे, आठ ते बारा तास, आठवड्यातल्या पाच-सहा रात्री. आता बऱ्याच जणांचं गोळ्यांवर भागतं. वयात येताना ही मुलं गोळ्यांना कंटाळतात, लपवून टाकून देतात, आणि गोळी चुकवली म्हणून उद्या काही बिघडलेलं दिसत नाही. बिघडतं ते काही वर्षांनी. आमच्याकडे गोळीची वेळ रात्रीच्या बातम्यांबरोबर बांधून टाकलीय.

रक्त घेऊन आठवडाही झाला नाही आणि धाप लागतेय, छातीत धडधडतंय, पाय सुजलेत, तर तो नेहमीचा थकवा नव्हे, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तापाचंही तसंच. लोहाच्या काही गोळ्यांनी पांढऱ्या पेशी एकदम घटू शकतात, आणि प्लीहा काढलेल्या मुलांत जंतू फार वेगानं पसरतो. अंगावर ताप काढणं हा आपल्याकडे शूरपणा समजतात, या घरांना तो परवडत नाही.

खाण्यापिण्याचा विषय काढला की मला थोडं चिडायला होतं. नात्यातली प्रत्येक बाई हळिवाचे लाडू घेऊन येते. बीट, खजूर, गूळ, आणि 'रक्त वाढवायचं' लाल टॉनिक. माया खरी असते, पण हा रक्त कमी पडण्याचा वेगळा प्रकार आहे, इथं लोह कमी नाही, जास्त आहे. लोहाचं टॉनिक तर अजिबात नको. त्याच वेळी पालकाच्या भाजीला घाबरून पोरीला वरणभातावर ठेवणारी घरंही मी पाहिलीत. तेही बरोबर नाही, कारण खाण्यातलं लोह एका पिशवीपुढं किरकोळ. ती भाकरी, एण्णगाई, शेंगाचटणी, ताक सगळं खाते. जेवणासोबत चहा घेतला तर अन्नातलं लोह कमी शोषलं जातं, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून तिला भाकरीबरोबर चहा प्यायचा परवानाच मिळालाय.

थकवा सांभाळायचा म्हणजे झोपून राहायचं, असं नाही. हिशेबाची गणितं, नवं प्रकरण, कठीण ते सगळं ती चांगल्या दिवसांत उरकते. उतरणीच्या दिवसांत नोट्स उतरवणं, वाचलेलं पुन्हा चाळणं. भाजी चिरायला स्टूलवर बसते. कॉलेजातून आल्यावर अर्धा तास डोळे मिटून पडते, दिवेलागणीपर्यंत नाही, नाहीतर रात्रीची झोप जाते. संध्याकाळी व्हॅक्सिन डेपोत फिरायला जायचं ते रोजच, फक्त तिसऱ्या आठवड्यात एकच फेरी. गोकाकला जायचं तर टिंबानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी.

लग्नाची तारीख मात्र टिंबं बघून धरत नाहीत. मागच्या मे महिन्यात दाजींच्या चुलत घरात लग्न होतं. त्यातच उन्हाळ्यामुळं पिशवी मिळायला चार दिवस उशीर झालेला. वऱ्हाडातल्या बायका अक्षता वाटत होत्या, पंगतीत वाढत होत्या, आणि ही हातातलं ताट ठेवून खांबाला टेकून बसली. आमच्याच माहेरच्या एका काकूंनी शेरा मारला, "तरुण पोरगी आणि केवढी ही सुस्ती!" पोरगी उठायला लागली. दरवेळी ती उठतेच. लोकांनी काही बोलू नये म्हणून तिनं किती पंगती वाढल्यात, तिलाच माहीत. यावेळी तिच्या अज्जीनं, म्हणजे दाजींच्या आईनं, तिचा दंड धरून खाली बसवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आकिगी सुस्तागेती, कुंद्रली बिड्री." पुढं आजाराचं नाव नाही, समजावणं नाही. दमलीय, बसू द्या. अज्जी शाळेत गेलेली नाही. काकूंना कन्नड चांगलं येतं. त्या गेल्या आणि थोड्या वेळानं स्वतःच मठ्ठ्याचा पेला घेऊन आल्या.

कॉलेजातही ही 'सुस्ती' आडवी येते. हजेरी ७५ टक्के हवी आणि हिचे दर तीन आठवड्यांनी दोन दिवस जातात. एका कचेरीत तिला सांगण्यात आलं, "दिसतेस तर चांगली, मग आजारी कशी?" २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकल सेल या रक्ताच्या आजारांना दिव्यांगत्वाच्या यादीत घेतलंय, आणि प्रमाणपत्र मिळतं. वर्षाच्या सुरुवातीलाच प्राचार्यांना डॉक्टरांची चिठ्ठी, प्रमाणपत्राची प्रत आणि रक्ताच्या संभाव्य तारखा दिल्या की पुढची बरीच तोंडाची वाफ वाचते. माझ्या व्याख्याता मित्र-मैत्रिणींना एवढंच सांगेन, मागच्या बाकावर डोकं टेकवलेल्या मुलीला उठवून वर्गासमोर विचारण्याआधी तास संपल्यावर एकटीला विचारा.

आता जरा नाजूक गोष्ट. अक्का आणि दाजी यांचं लग्नाआधी काही नातं नव्हतं. एक मराठी, एक कन्नड, तरी दोघंही वाहक निघाले. त्यामुळं 'तुमच्याकडून आलं', 'आमच्यात असलं नाही' हे जे दोन्ही घरांत वर्षभर चाललं, त्याला काही अर्थ नव्हता. अर्धं इकडून, अर्धं तिकडून. मात्र आपल्या भागात मामाची मुलगी करतात, कन्नड घरांत सख्ख्या मामालाही मुलगी देतात. एकाच घराण्यात दोष फिरत असेल तर अशा लग्नात दोन वाहक समोरासमोर येण्याची शक्यता वाढते. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मेजर मूल होण्याची शक्यता चारात एक. प्रत्येक वेळी, बरं का. पहिलं मूल मेजर झालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब नाही.

तपासणी साधी आहे. एचपीएलसी नावाची रक्ताची चाचणी आयुष्यात एकदा करायची, त्यात हिमोग्लोबिन ए-२ साडेतीन टक्क्यांच्या वर दिसलं की बहुधा वाहक. आपल्या बायकांत एक गोंधळ नेहमी होतो. वाहक बाईचं हिमोग्लोबिन थोडं कमी असतं, तिला वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या देतात आणि आकडा हलत नाही. अशा वेळी ही चाचणी सुचवा. लग्नाआधी झाली तर उत्तम, नाहीतर गरोदरपणाच्या अगदी सुरुवातीला, म्हणजे नवरा-बायको दोघेही वाहक निघाले तर अकरा-बारा आठवड्यांच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते. सायप्रससारख्या छोट्या देशानं १९७० च्या दशकापासून अशा तपासण्या नेटानं केल्या आणि तिथं मेजर मुलं जन्माला येणं जवळजवळ थांबलं.

आमच्याकडे लग्न ठरवताना पत्रिका तासभर बघतात. भाचीच्या धाकट्या भावाची चाचणी गेल्या दिवाळीत केली, तो वाहक आहे. त्याच्या दोन चुलत बहिणींची चाचणी करायला त्यांची आई अजून तयार नाही, 'नसतं लचांड कशाला, पोरींची लग्नं व्हायचीत' म्हणते. अज्जी तिच्या मागं लागलीय.

राहिली गोष्ट रक्ताची. मे महिना या घरांना भारी जातो. कॉलेजं बंद, शिबिरं बंद, उन्हानं माणसं हैराण, आणि लाल पेशी फार तर ३५ ते ४२ दिवस टिकतात, त्यामुळं जानेवारीतल्या शिबिराचं रक्त मेपर्यंत पुरत नाही. थॅलेसेमियाच्या मुलांना तर शक्यतो दोन आठवड्यांच्या आतलं ताजं रक्त देतात. म्हणून आमच्या कॉलेजचं शिबिर आम्ही एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात घेतो, परीक्षा तोंडावर असल्या तरी. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन साडेबारा, एवढं असलं की पुरुषांना तीन महिन्यांनी आणि बायकांना चार महिन्यांनी रक्त देता येतं. मुलींच्या रांगेतल्या निम्म्या साडेबारात बसत नाहीत म्हणून परत जातात. त्यांना हळिवाचे लाडू जरूर द्यावेत. भाची दरवर्षी नोंदणीच्या टेबलावर बसते, अर्ज मराठीत हवा की कन्नडात, एवढं विचारते. यंदाचं शिबिर तिच्या टिंबानंतर सातव्या दिवशी येतंय, म्हणजे ती दिवसभर बसेल.